'बरं वाटत नाही' असं पोरगं का सांगत नाही?



आपल्या समाजातल्या पुष्कळ घरांतली नातवंडे आज इस्राएलच्या सैन्यात आहेत. 2023 च्या ऑक्टोबरात तिथे 3 लाखांच्या वर राखीव सैनिक एकदम बोलावले, तेव्हा तिकडच्या फोनची आपण कशी वाट पाहिली ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. मी लेकीकडे सिंगापूरला राहते. इथेही 18 वर्षे झाली की पोरगा 2 वर्षांसाठी जातो. नॅशनल सर्व्हिस, पण सगळे नुसते 'एनएस' म्हणतात.

या दोन फौजांचे नाते जुने आहे. 1965 मध्ये सिंगापूर स्वतंत्र झाले तेव्हा त्याच्याकडे फौज जवळजवळ नव्हतीच. ती उभी करायला इस्राएलचे अधिकारी आले, त्यांचे प्रमुख कर्नल याकोव एलाझारी. आजूबाजूच्या मुसलमान देशांना राग नको म्हणून त्यांना 'मेक्सिकन' म्हणत! 1967 मध्ये सक्तीच्या सेवेचा कायदा झाला. सक्तीची भरती, नंतर वर्षानुवर्षे राखीव दलात हजेरी, ही बरीचशी इस्राएलचीच पद्धत. फौज आपल्या लोकांनाही काही नवी नाही. मुंबईचे जुने सिनेगॉग 1796 मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेतलेच होते.

पण एक मोठा फरक आहे. इस्राएलात लढाई दाराशी असते. इथल्या पोराला लढाई फक्त पुस्तकात दिसते. मग त्याला भर उन्हात पाठीवर ओझे घेऊन पळायला लावणारे काय असते? कायदा बराकीपर्यंत नेतो, पळवत नाही. हा प्रश्न आता फक्त सेनापतींचा राहिलेला नाही. समाजशास्त्र आणि मानसशास्त्र शिकलेली माणसे त्यावर काम करतात.

ही विद्या तशी जुनी. दुसऱ्या महायुद्धात सॅम्युएल स्टाउफर यांच्या मंडळींनी अमेरिकेच्या 5 लाखांवर सैनिकांना प्रश्नावल्या दिल्या. 1949 मध्ये त्याचे ग्रंथ निघाले. शिल्स आणि जॅनोविट्झ यांनी 1948 मध्ये जर्मन सैनिकांबद्दल लिहिले. इस्राएलात लुई गटमन यांनी देश जन्मत होता तेव्हाच सैनिकांची मते विचारायला सुरुवात केली. या सगळ्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. माणूस झेंड्यासाठी लढतो असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात तो शेजारच्या माणसासाठी टिकून राहतो. आपल्या तुकडीतल्या आठ-दहा जणांपुढे मान खाली जाऊ नये, एवढ्यासाठी.

हे वाचून बरे वाटते. पण मी वॉर्डात आयुष्य काढलेली बाई, मला लगेच दुसरी बाजू दिसली. जी भावना पोराला पळवते, तीच त्याला ताप लपवायला लावते.

इथे एक शब्द आहे, होक्किएन बोलीतला, 'चाओ केंग'. म्हणजे आजाराचे ढोंग करून काम चुकवणारा. एनएसमधल्या पोराला शिवीपेक्षा हा शब्द जास्त लागतो. कारण एकाने रजा घेतली की त्याचे ओझे बाकीच्यांवर पडते, आणि रात्री झोपायचे त्यांच्याच शेजारी. डॉक्टरकडे जाणे हा मग तब्येतीचा प्रश्न राहत नाही, इज्जतीचा होतो. ढोंगी नसतातच असे मी म्हणत नाही, आम्हीही वॉर्डात भरपूर पाहिले. पण ढोंगी माणूस फार तर एक दिवस बुडवतो. खरा आजारी गप्प बसला तर जीव जातो.

उष्माघाताचेच बघा. अंगाचे तापमान 40 च्या पुढे गेले की मेंदूवर परिणाम होतो. माणूस भलतेच बोलू लागतो, झोकांड्या खातो, आणि विचारले तर म्हणतो, मी ठीक आहे. ज्याला सर्वांत आधी कळायला हवे, त्याचीच समज गेलेली असते. म्हणून 'त्रास होतोय तर स्वतः सांगा' या नियमाला मोठे भोक आहे. उष्माघात फक्त कमजोर पोरांना होतो हाही गैरसमजच. जो जिद्दीने पळतो, मागे राहत नाही, त्यालाच धोका जास्त. 2018 च्या एप्रिलमध्ये 8 किलोमीटरच्या जलद चालीनंतर एक 19 वर्षांचा मुलगा असाच गेला. जागच्या जागी अंग पुरेसे थंड केले नाही आणि दवाखान्यात न्यायला उशीर झाला, असे चौकशी समितीने म्हटले. थंड करा आधी, हलवा नंतर, हे कुठलीही नर्स सांगेल.

पुढच्याच वर्षी, जानेवारी 2019 मध्ये, अलॉयसियस पांग हा टीव्हीचा नट राखीव सेवेत असताना न्यूझीलंडमध्ये तोफेच्या दुरुस्तीत चिरडून गेला. वय 28. साऱ्या सिंगापूरने हळहळ केली. संरक्षणमंत्री इंग एंग हेन यांनी संसदेत चौकशीचे निष्कर्ष सांगितले. नळी खाली येत होती, ती आपल्याला लागणार नाही असे पांगला वाटले. आणि शेवटच्या क्षणी थांबवायचे बटन दाबण्याऐवजी सोबतचा शिपाई हातांनीच नळी अडवू लागला. टनावारी लोखंड, हातांनी! आपण म्हणू, अक्कल कुठे गेली? पण घाबरलेला माणूस विचार करत नाही, त्याचे हात विचार करतात. आमच्याकडे हृदय बंद पडलेल्या रुग्णाचा सराव पुन्हा पुन्हा करून घेत ते याचसाठी. नियम भिंतीवर टांगून भागत नाही, तो हातात उतरावा लागतो.

त्यानंतर इथे सरावाचा वेग कमी केला, सुरक्षेवर वरून नजर ठेवायला इन्स्पेक्टर-जनरलचे कार्यालय 2019 मध्येच काढले. उन्हाचे मोजमाप, काम आणि विश्रांतीचे तक्ते, पाणी पिण्याच्या वेळा, हे सगळे आहे. चांगले आहे. पण यंत्र उन्हाचे मोजमाप घेते, भीतीचे घेत नाही.

यावर मला सर्वांत उपयोगी वाटले ते संशोधन फौजेतले नाहीच, आमच्या धंद्यातले आहे. हार्वर्डच्या एमी एडमन्सन यांनी 1990 च्या दशकात इस्पितळाच्या आठ विभागांत औषधे देण्यातल्या चुका मोजल्या. त्यांना वाटले होते, जिथे गट चांगला तिथे चुका कमी. निघाले उलटे. ज्या विभागाची प्रमुख चांगली, तिथे नोंदलेल्या चुका जास्त! खोलात गेल्यावर कळले, त्या विभागात नर्सेस चुका सांगायला भीत नव्हत्या. बाकीच्या ठिकाणी चुका होत होत्या, पण दडपल्या जात होत्या. मी स्वतः ज्या मेट्रनच्या हाताखाली काम केले त्यांपैकी एक अशी होती, की तिच्यापुढे सलाईनची बाटली फुटली हे सांगायलाही पोरी घाबरत. तिच्या वहीत सगळे कसे स्वच्छ असायचे.

म्हणून माझे म्हणणे असे. ज्या तुकडीत महिनाभरात एकही जण आजारी पडल्याची नोंद नाही, तिचे कौतुक करण्याआधी तिच्या सार्जंटला बोलावून चौकशी करावी. वीस वर्षांची चाळीस पोरे, या दमट हवेत, आणि कुणालाच काही झाले नाही? आणि जिथे नोंदी जास्त, तिथल्या अधिकाऱ्याची बढती त्यामुळे अडू नये. नाहीतर तो पुढच्या महिन्यात नोंदी कमी करून दाखवील, पोरे मात्र तितकीच आजारी राहतील.