घामाची देणगी

अमेरिकेतील कॅथॉलिक शाळा मुख्यतः पालकांच्या शुल्कावर व देणग्यांवर चालतात. १८८४ साली बाल्टिमोर येथील धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मग्रामाने शाळा काढावी असे ठरविले, तेव्हा गरीब स्थलांतरितांनी पै-पैसा जमवून शाळा उभारल्या. आज तेथील कित्येक कुटुंबे शाळेसाठी धावतात. शेजारी दर फेरीमागे ठराविक रक्कम देण्याचे वचन देतात आणि आईवडील मुलांसह मैदानाला फेऱ्या घालतात.

‘एवढे कष्ट कशाला? एखाद्या श्रीमंताची देणगी पुरे!’ असे कोणी म्हणेल. परंतु त्या देणगीत मुलांचा वाटा कोणता? दमलेले मूल आणखी एक फेरी पुरी करते, तेव्हा वर्गातील बाकाचे मोल ते आपल्या घामाने देते. असे मूल त्या बाकावर चाकूने नाव कोरील काय?