जाडी सांगितली, चाचणीचे काय?

मुख्य रस्त्यावरील चरावर टाकलेली लोखंडी प्लेट डंपरखाली वाकल्यानंतर या आठवड्यात जो अधिकृत खुलासा छापून आला, त्यात ती 25 मिलिमीटर जाडीची होती एवढेच घोळून घोळून सांगितले असून, तिची भारचाचणी, म्हणजे ठाऊक असलेल्या वजनाचे वाहन तिच्यावर उभे करून ती किती झुकते आणि वजन उतरल्यावर पूर्ववत होते की नाही याची मोजणी, झाली होती का, याविषयी अवाक्षरही नाही. जाडी हे उत्तरच नव्हे. 1 मीटर रुंदीच्या चरावर जी प्लेट तगते, तीच 2 मीटरच्या चरावर टाकली की त्याच चाकाखाली तिच्यातील ताण दुप्पट होतो आणि झोळ, म्हणजे मधला भाग खाली जाण्याचे अंतर, आठपट वाढतो. चराच्या कडेची माती पावसात ढासळली तर 1 मीटरचा दीड मीटर व्हायला एक रात्र पुरते; प्लेट मात्र कागदावर 25 मिलिमीटरचीच राहते.

केंद्र सरकारने 2018 मध्ये चार टायरच्या एका आसावरील अनुज्ञेय भार 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेला. ही झाली कायद्याची मर्यादा. खडीचा डंपर खरोखर किती भरलेला असतो, हे वजनकाट्यावाल्यालाच ठाऊक. त्यातच धावते चाक उभ्या चाकापेक्षा अधिक मार देते, म्हणूनच लहान गाळ्याच्या पुलाचे गणित करताना ‘70-आर’ वर्गाच्या चाकी वाहनाच्या भारात आघातापोटी 25 टक्के वाढ धरतात, आणि त्या हिशेबाने 11.5 टनांचे 14 टनांहून अधिक होतात. पुलाच्या भारचाचणीत गाळ्यावर 24 तास वजन ठेवले जाते. प्लेट मात्र रात्रीतून जेसीबीने एका चरावरून दुसऱ्यावर जाते आणि वाकलेली असेल तर उलटी करून अंथरली जाते. क्रेनच्या हुकावर सुरक्षित भाराचा आकडा कोरलेला असतो, तसा प्लेटवर चराची कमाल रुंदी, आसभार आणि चाचणीची तारीख रंगवायला भरलेला एक डंपर, वजनकाट्याची पावती, झोळ मोजणारा डायल गेज आणि एक दुपार एवढेच लागते.

दुचाकीस्वारांचा तर त्या खुलाशात उल्लेखही नाही. ओल्या, गुळगुळीत प्लेटवर ब्रेक दाबताच मागचे चाक सरकते आणि दोन प्लेटांमधील फटीत स्कूटरचे पुढचे चाक अडकते. रात्रभर चालणाऱ्या खडखडाटाची तक्रार करणाऱ्या आसपासच्या रहिवाशांना तर ‘काम तात्पुरते आहे’ हे ठरावीक उत्तर मिळते, मग त्या तात्पुरत्या कामावर दुसरा पावसाळा का येईना.