चार्लीला विचारलें कोणीं ?

मनुष्याची बुद्धि शस्त्रक्रियेनें वाढविणें हा सृष्टिक्रमाशीं द्रोह होय, आणि त्याचेंच प्रायश्चित्त चार्ली गॉर्डनला भोगावें लागलें, असा ‘चार्ली’ या १९६८ च्या अमेरिकन चित्रपटाचा बोध सांगणारे गृहस्थ आम्हांस पुष्कळ भेटतात. हें मत आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे.

बोस्टन शहरांतील एका बेकरींत काम करणारा हा मंदबुद्धि तरुण लिहावयास शिकण्याची धडपड करितो. डॉक्टर त्याची शर्यत एका उंदराशीं लावितात. उंदीर जिंकतो, कारण त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झालेली आहे. मग तीच चार्लीवर होते. तो आपल्या शिक्षिकेच्याच नव्हे, तर डॉक्टरांच्याही पुढें जातो. आणि उंदीर मरतो. क्लिफ रॉबर्टसन याला या भूमिकेबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळालें, तें योग्यच झालें. संगीत पंडित रविशंकर यांचें आहे, याचा ज्यांना अभिमान वाटेल त्यांनीं तो खुशाल बाळगावा. आमचा वाद संगीताशीं नाहीं.

डॅनिएल कीझ यांच्या १९५९ च्या मूळ कथेंत सृष्टिक्रमाचा हा आक्षेप चार्लीबरोबर काम करणाऱ्या एका बाईच्या तोंडीं आहे. ती ईव्हचा व ज्ञानवृक्षाचा दाखला देते. लेखकानें तिचें मत तिच्यापाशींच ठेविलें. आमचे रसिक तें उचलून चित्रपटाच्या माथीं मारतात. देवीची लस, चष्मा, आयोडीनयुक्त मीठ, हीं सृष्टिक्रमांत कोठें होतीं ? आयोडीनच्या अभावीं मुलांची बुद्धि खुंटते आणि मिठांत तें मिसळल्यानें ही हानि टळते, हें आज सर्वमान्य आहे. रक्षण निराळें आणि वृद्धि निराळी, असें कोणी म्हणतील. म्हणोत, परंतु चार्लीच्या बाबतींत ती रेघ नेमकी कोठें ओढावयाची, तेंही त्यांनींच सांगावें.

खरा अपराध दुसरीकडे आहे. उंदरावरील परिणाम टिकतो कीं नाहीं हें पुरतें न पाहतांच माणसाच्या डोक्याला हत्यार लाविलें, आणि ज्याला धोक्याचा अर्थच कळत नाहीं त्याच्या होकारावर काम भागविलें. शहाणें होण्याची त्याची हौस खरी होती. पण हौस म्हणजे संमति नव्हे. ही कल्पनेची भरारी म्हणून सोडून देतां येत नाहीं. त्याच बोस्टनजवळच्या फर्नाल्ड शाळेंत, मंदबुद्धि ठरविलेल्या मुलांना १९४६ पासून कांहीं वर्षें न्याहारीच्या लापशींतून व दुधांतून किरणोत्सर्गी द्रव्यें देऊन प्रयोग करण्यांत आले. मुलांना ‘विज्ञान-मंडळा’चे सभासद करून घेतलें, बेसबॉलचे सामने पाहावयास नेलें, आईबापांना पाठविलेल्या पत्रांत मात्र किरणोत्सर्गाचा उल्लेखही नव्हता. १९९३ च्या अखेरीस हें सर्व चव्हाट्यावर आलें. मात्रा अल्प होती, असें पुढें चौकशींत निष्पन्न झालें. असेल, लबाडी तर अल्प नव्हती!

दिग्दर्शक राल्फ नेल्सन यांना या प्रश्नाची चाहूल लागली नव्हती, असें आम्ही म्हणत नाहीं. शास्त्रज्ञांच्या भरसभेंत चार्ली उंदीर मेल्याचें सांगतो, तेव्हां क्षणभर वाटतें कीं, आतां जाब विचारला जाईल. पण तोंपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्यापूर्वीं चार्लीनें शिक्षिकेवर जबरदस्ती करूं पाहिलेली आहे. मग मोटारसायकलवरून भटकंती, पडद्याचे तुकडे करून एकाच वेळीं दाखविलेलीं नाना चित्रें, आणि अखेर तिच्याच प्रेमाचा लाभ! त्या जबरदस्तीचें काय झालें, हें कोणी विचारीत नाहीं. संमतीविषयीं ज्याला बोलावयाचें तो चित्रपटच संमति विसरतो. मूळ कथा चार्लीच्या रोजनिशीच्या रूपानें आहे. तिच्यांतील अशुद्ध लेखन सुधारत जातें व पुन्हां ढासळतें. तेथें तो स्वतः बोलतो. येथें आपण त्याला बाहेरून न्याहाळतों, जवळजवळ त्या डॉक्टरांप्रमाणेंच.

शेवटीं चार्ली मुलांबरोबर क्रीडांगणावर खेळतांना दिसतो. आम्हीं चित्रपट पाहिला त्या दिवशीं येथें प्रेक्षागृह हळहळलें, रुमाल निघाले. बेकरींतले सोबती आरंभीं त्याची टिंगल करीत होते, तेव्हां याच खुर्च्यांतून आम्हांस हंशा ऐकूं आला होता.