समानुभूतीला पाचपैकी किती?

भाषाशिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत अलीकडे एक शब्द हमखास कानी पडतो : समानुभूती. भाषेच्या तासाला केवळ भाषा शिकवून आता भागणार नाही, विद्यार्थ्याला 'माणसे हाताळता' आली पाहिजेत, दुसऱ्याच्या भूमिकेत शिरता आले पाहिजे, आणि त्यासाठी शिक्षकाने वर्गात उपक्रम घेतले पाहिजेत, असे आम्हांला सांगितले जाते. उपक्रमांचे नमुनेही ठरलेले असतात. चिठ्ठ्या टाकायच्या, कुणाला 'वृद्धाश्रमातील आजी' येते, कुणाला 'कर्जबाजारी शेतकरी', कुणाला 'दृष्टिहीन विद्यार्थी'. दोन मिनिटे विचार करायचा, तीन मिनिटे बोलायचे, शेवटी सर्वांनी टाळ्या वाजवायच्या. शिक्षकाने तक्त्यात गुण भरायचे : उच्चार, हावभाव, आत्मविश्वास आणि समानुभूती. प्रत्येकी पाच.

हे उपक्रम आम्हीही घेतले आहेत, त्यामुळे या लेखातील टीका प्रथम आम्हांलाच लागू आहे. आणखी एक खुलासा आरंभीच केलेला बरा. वर्गात उपक्रम नकोत, शिक्षकाने तासभर व्याख्यान द्यावे आणि उरलेल्या वेळात टिपणे उतरवून द्यावीत, असे आमचे म्हणणे नाही. ते सुवर्णयुग नव्हते. आमचा आक्षेप वेगळा आहे. दुसऱ्याला समजून घेण्याची जी शिस्त भाषेच्या अभ्यासात मुळातच आहे ती बाजूला सारून, तिच्या जागी भावनेचे प्रदर्शन बसवले जात आहे, आणि या प्रदर्शनाला आपण शिक्षण म्हणू लागलो आहोत.

एक प्रसंग सांगतो. आमच्यापैकी एक जण त्या वर्गावर होता. पण इतरांच्या वर्गांत असे घडले नसेल असे मानायला जागा नाही, म्हणून येथे 'आम्ही' असेच म्हणतो. मोठ्या शहरातील महाविद्यालय, पदवीचे पहिले वर्ष. 'कर्जबाजारी शेतकऱ्या'ची चिठ्ठी शहरातच वाढलेल्या एका हुशार मुलाला आली. त्याने कुणाचा तरी टॉवेल डोक्याला गुंडाळला, मालिकांतून ऐकलेली एक कुठलीच नसलेली 'गावरान' मराठी काढली, आभाळाकडे हात केले, आणि बोलता बोलता आवाजही कापरा केला. वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. मग मागच्या बाकावरून वऱ्हाडातून आलेली एक मुलगी उठली. म्हणाली, "मले तं असं वाटते सर, शेतकरी असा बोलत नाही. माहे बाबा तं..." पुढचे कुणी ऐकले नाही. 'मले' आणि 'माहे' या दोन शब्दांवर वर्ग हसला होता. आणि आम्हीही हसलो. मोठ्याने नव्हे, शिक्षकाला शोभेल इतपतच, पण हसलो.

शेतकऱ्याच्या खोट्या बोलीला टाळ्या आणि शेतकऱ्याच्या मुलीच्या खऱ्या बोलीला हसू. तेही समानुभूतीच्या तासाला. हा अपघात असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. तो त्या उपक्रमाच्या रचनेचाच परिणाम होता, असे आम्हांला आता वाटते. उपक्रमात 'दुसरा' चिठ्ठीवर होता, त्यामुळे बाकावर बसलेल्या दुसऱ्याकडे पाहण्याची कुणालाच गरज उरली नव्हती.

या दोन शब्दांचे मूळ येथे पाहण्यासारखे आहे. ज्याला आपण समानुभूती म्हणतो तो 'एम्पथी' हा इंग्रजी शब्द एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये घडवला, तो 'आइनफ्यूलुंग' या जर्मन शब्दाला पर्याय म्हणून. आणि हा जर्मन शब्द १८७३ मध्ये रोबर्ट फिशर याने वापरला तो सौंदर्यशास्त्रात : आपल्यासमोरच्या आकृतीत, कलावस्तूत पाहणाऱ्याने आपल्या संवेदनेसह प्रवेश करणे, या अर्थाने. म्हणजे ही संकल्पना मुळात आपल्या घरचीच, कलास्वादाच्या प्रांतातली. आपल्या परंपरेत तर तिचे आणखी जुने नातेवाईक आहेत. आनंदवर्धन आणि अभिनवगुप्त यांचा 'सहृदय' दुसरा कोण आहे? याउलट ज्या 'सॉफ्ट स्किल्स'च्या झेंड्याखाली आज समानुभूती भाषेच्या वर्गात परतते आहे, तो शब्दप्रयोग रूढ झाला अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणविषयक चर्चांतून, १९७२च्या आसपास. यंत्रे चालवण्याची ती 'कठीण' कौशल्ये आणि माणसे चालवण्याची ती 'मृदू', अशी ही विभागणी होती. आपल्याच घरातून गेलेली वस्तू दुसऱ्याचा शिक्का मारून आपल्याला परत विकली जात आहे, आणि आपण ती कृतज्ञतेने विकत घेत आहोत.

शब्दाचे कूळ काढून कुणालाही दोषी ठरवता येत नाही, हे मान्य. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात मांडलेल्या दहा जीवनकौशल्यांत समानुभूती आहे, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मानवी व संवैधानिक मूल्यांच्या यादीत तिला स्थान आहे. या हेतूंशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते यादीपासून गुणतक्त्यापर्यंतच्या प्रवासाशी. भावनेला गुण द्यायचे ठरले की विद्यार्थी भावना दाखवायला शिकतो. दाखवण्याची एक भाषा लगेच तयार होते, आणि ती गाइडांत छापून येते. 'अंतःकरण हेलावून गेले', 'डोळ्यांच्या कडा पाणावल्या', 'मन सुन्न झाले' : स्वमताच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला ही वाक्ये पाठ असतील. शंभर मुलांची अंतःकरणे एकाच शब्दांत हेलावतात, तेव्हा त्यांतले एकही हेलावलेले नसते. पण आपण गुण देतो, कारण ते न देण्याचा निकष आपल्यापाशी नाही. सतरा वर्षांच्या मुलाच्या मनात करुणा आहे की नाही, हे ठरवणारे आपण कोण?

यावर साहित्याच्या बाजूने एक उत्तर तत्परतेने दिले जाते : उपक्रम सोडा, कथा-कादंबऱ्या वाचायला द्या, माणूस आपोआप संवेदनशील होतो. हे उत्तर आम्हांलाही प्रिय आहे; पण ते तितके सरळ नाही. २०१३ मध्ये डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कास्तानो यांनी 'सायन्स' या नियतकालिकात प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. साहित्यिक कथेचा छोटा उतारा वाचल्यानेही दुसऱ्याचे मन ओळखण्याची क्षमता तात्पुरती वाढते, असा त्यांचा दावा होता. साहित्याच्या शिक्षकांनी तो जगभर आनंदाने मिरवला. पुढे इतर संशोधकांना मात्र तसा परिणाम आढळला नाही. 'सायन्स' आणि 'नेचर' या नियतकालिकांतील एकवीस सामाजिक प्रयोगांची जी फेरतपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात टिकू न शकलेल्या प्रयोगांत हाही होता. कथा ही गोळी नव्हे. एक घेतली की समानुभूती वाढली, असे होत नाही. उत्तम वाचक निर्दय असू शकतो, हे सांगायला तर प्रयोगशाळेचीही गरज नाही. आपापल्या मराठी विभागाकडे एकदा पाहावे.

आणि मराठी समीक्षेला तरी हा प्रश्न नवा कुठे आहे? दलित साहित्याच्या निमित्ताने सहानुभूती आणि स्वानुभूती यांचा जो वाद आपल्याकडे झाला, तो याच प्रश्नाचा वाद होता. दुसऱ्याचे दुःख मला 'समजले' असे म्हणण्याचा अधिकार मला केव्हा मिळतो? ते समजल्याचा आनंद मी घेऊ लागलो, तर त्या दुःखाचे काय होते? 'बलुतं' १९७८ मध्ये आले, 'उपरा' १९८० मध्ये. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' मांडताना आनंद या कसोटीलाच आव्हान दिले. म्हणजे आपल्या 'सहृदया'चीही उलटतपासणी होऊन गेली आहे. इतके सगळे झाल्यानंतरही आपण वर्गात 'बलुतं'मधील उतारा वाचून दाखवतो आणि सांगतो, 'आपण त्या वस्तीतील मूल आहोत अशी कल्पना करून दहा ओळी लिहा.' ज्याला कल्पना करावी लागत नाही असा विद्यार्थी त्याच वर्गात बसलेला असतो. त्याने काय लिहायचे? आणि शेजाऱ्याने दहा ओळींत उरकलेल्या आपल्या आयुष्याला चार गुण मिळालेले त्याने कसे पाहायचे? अशा उपक्रमातून समानुभूती वाढत नाही, ती स्वस्त होते. दुसऱ्याचे आयुष्य दहा ओळींत पेलते, असा भ्रम मात्र पक्का होतो.

मग भाषेच्या वर्गाने काय करावे? आमच्या मते त्याने करुणा शिकवण्याचा आव सोडावा आणि ऐकणे शिकवावे. ही छोटी गोष्ट नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या आज आपल्यापाशी आहेत, कारण सोपानदेवांनी आणि घरातल्या मंडळींनी त्या ऐकल्या आणि उतरवून घेतल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या उतरवणाऱ्यांनी ती बोली प्रमाण मराठीत 'सुधारून' घेतली असती तर काय उरले असते? आज त्याच बहिणाबाई आपण पाठ्यपुस्तकातून शिकवतो, त्यांच्या शब्दकळेवर व्याख्याने देतो, आणि बोलीत बोलणाऱ्या मुलीवर हसतो.

ऐकण्याचे उपक्रम घेता येतात, आणि त्यांना गुणही देता येतात. एक असा : विद्यार्थ्याने घरातल्या किंवा परिसरातल्या कुणा माणसाला त्याच्या कामाविषयी बोलते करावे, त्याचे पाच मिनिटांचे बोलणे त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत उतरवावे, आणि ते त्या माणसाला वाचून दाखवावे. 'मी असं म्हटलं नव्हतं' असे तो म्हणाला तर खोडून पुन्हा लिहावे. नको म्हणाला तर ते वर्गात आणूच नये. येथे परीक्षक शिक्षक नाही, बोलणारा आहे. दुसरा उपक्रम आपल्या शास्त्रपरंपरेतला. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्ष मांडू नये, ही जुनी रीत. वर्गातील चर्चेत तिचा कडक नियम करावा : आधीच्या वक्त्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगितल्याशिवाय कुणालाही विरोध करता येणार नाही. कार्ल रॉजर्स या मानसोपचारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर हाच नियम सुचवला होता. तो पाळायला बसले की कळते, आपण किती थोडे ऐकतो. तिसरा उपक्रम भाषांतराचा, पण दोन्ही दिशांनी. बोलीतले प्रमाण मराठीत आणायचे, आणि अग्रलेखातला एक परिच्छेद आपापल्या घरच्या बोलीत न्यायचा. कोणता शब्द जात नाही, का जात नाही, यावर बोलायचे. त्या दिवशी वर्गात वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी जाणणारा विद्यार्थी तज्ज्ञ असतो आणि प्रमाण भाषेत वाढलेला विद्यार्थी विचारणारा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला : नोकरीच्या मुलाखतीला हे उपयोगी आहे का? आमचे उत्तर असे की, रुग्णाचे म्हणणे अर्धवट तोडणारी परिचारिका, अर्ज घेऊन आलेल्या म्हातारीला 'नीट बोला' म्हणणारा कारकून, यांच्यात हसतमुखाने बोलण्याची कमतरता नसते. कमतरता असते ती ऐकण्याची. 'माणसे हाताळण्या'चे कौशल्य शिकलेला माणूस दुसऱ्याला हाताळतोच. त्याला समजून घेईल याची हमी नाही. दुसरा आक्षेप : मग प्रमाण भाषा शिकवायचीच नाही का? शिकवायची, आणि काटेकोरपणे शिकवायची. ती न शिकवणे हा गरीब विद्यार्थ्यावरचा वेगळा अन्याय होईल. पण ती त्याच्या भाषेत भर म्हणून शिकवायची, त्याची भाषा पुसण्यासाठी नव्हे. तांबडी शाई चुकीखाली ओढावी, माणसाखाली नव्हे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगितले पाहिजे. उरलेल्या सत्रात ती वर्गात बोलली नाही. तिचे बाबा नेमके कसे बोलतात, हे त्या वर्गाला कधी कळले नाही, आणि आम्ही तिला पुन्हा विचारले नाही. सत्राच्या अखेरीस लेखी कामात शेतकऱ्याच्या मनोगताचा प्रश्न होता. तिने तो अचूक प्रमाण मराठीत लिहिला. मन सुन्न झाले, डोळ्यांच्या कडा पाणावल्या. कुठेही 'मले' नव्हते, कुठेही बाबा नव्हते. आम्ही तिला समानुभूतीचे पाचपैकी पाच गुण दिले.