विश्वाच्या हिशेबात देवाचे नाव कशाला?

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर बारावीतल्या एका मुलाने आम्हाला गाठले. "काका, वर्गातला मित्र म्हणतो, आता सायन्सनेच देव सिद्ध केला. मग आपल्या बावीस प्रतिज्ञांचं काय?" प्रश्न प्रामाणिक होता. मुलाला दटावून गप्प बसविणे हे आपले काम नव्हे.

मित्राचे म्हणणे असे : गुरुत्वाकर्षणासारख्या बलांची मापे थोडी जरी वेगळी असती तर तारे, पाणी, माणूस काहीच झाले नसते. म्हणून ती कुणीतरी ठरविली असणार.

यातील पहिल्या भागात तथ्य आहे. आपल्या शरीरातील कार्बन ताऱ्यांच्या पोटात तयार झाला. त्यासाठी कार्बनच्या अणुगर्भात ऊर्जेची एक विशिष्ट पातळी असलीच पाहिजे, असे भाकीत ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी १९५३ साली केले आणि अमेरिकेतील कॅल्टेकच्या प्रयोगशाळेत ती सापडली. हेच हॉयल म्हणजे दिवंगत डॉ. जयंत नारळीकरांचे गुरू.

मग मापे अशीच का? शास्त्रज्ञांत एकमत नाही. कुणी म्हणतात विश्वे अनेक असतील, जेथे जमले तेथे आपण आहोत. पण त्यालाही अजून पुरावा नाही.

आम्ही कारकून माणसे. तेरीज जुळली नाही तर फरक सस्पेन्स खात्यात टाकतो आणि चूक सापडेपर्यंत व्हाऊचर तपासतो. मनाला येईल त्याच्या नावावर तो टाकीत नाही. "देवाने केले" ही अशीच व्हाऊचर नसलेली नोंद. शिवाय देवाला कुणी घडविले, हा फरक शिल्लक उरतोच!

बरे, क्षणभर मानू की १३८० कोटी वर्षांपूर्वी कुणी मापे ठरविली. त्यानेच चातुर्वर्ण्य निर्माण केले, तो नवसाला पावतो, हे त्यातून कसे सिद्ध झाले? खरी मेख येथेच आहे. पुरावा ताऱ्यांचा दाखवायचा आणि मागच्या दाराने सत्यनारायण घरात आणायचा! "देवाची करणी" ऐकत ज्यांच्या पिढ्या पाणवठ्याबाहेर उभ्या राहिल्या, त्यांनी तरी ही फसगत ओळखावी.

जग शाश्वत की अशाश्वत, असे मालुंक्यपुत्ताने विचारले तेव्हा तथागतांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला. बाण मारणाऱ्याचे नाव, कूळ कळेपर्यंत तो बाण काढू देईना, तर त्याचा जीव जाईल. याचा अर्थ शोध घेऊ नका असा नव्हे; उत्तरासाठी दुःखनिवारण अडवू नका, असा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञा समतेवर उभ्या आहेत, अणूच्या मापांवर नव्हे. आईबाबांनो, मुलांना नारळीकरांची मराठी पुस्तके आणून द्या आणि त्यांना खुशाल विचारू द्या.

जय भीम!