सीमेवरील मतदार

निवडणुकीचे दिवस आले की आपल्या गावांत बोलणे होते ते उमेदवारांविषयी. ज्या मतदारसंघाचा तो उमेदवार, त्याची हद्द कोणी व केव्हा आखली, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आज आम्ही अशा एका मतदारसंघाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, की जेथे ह्या हद्दीनेच पुष्कळ काही ठरविले आहे आणि ज्याच्या कडेला मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. तो आदिलाबादचा लोकसभा मतदारसंघ होय. त्यातच भैंसा हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव आहे.

भैंसा आज तेलंगणात, २०१६ साली निर्माण झालेल्या निर्मल जिल्ह्यात आहे. परंतु देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा ते हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्या कायद्याने मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही तीन सर्कले नांदेडपासून तोडून आंध्र प्रदेशास जोडली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल मुंबई राज्याकडे आले. घरे होती तेथेच राहिली, शेतेही तेथेच राहिली. नांदेडकडे दिलेल्या लेकी मात्र एका रात्रीत परराज्यात गेल्या. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजारात उर्दूमिश्रित हिंदी, अशी त्रिभाषी रहाटी तेथल्या माणसाच्या अंगवळणी पडली ती अशी.

१९५२ साली आदिलाबादने लोकसभेवर पाठविले ते सी. माधव रेड्डी ह्यांस, आणि तेही समाजवादी पक्षाच्या तिकिटावर. त्या निवडणुकीत तेलंगणाच्या बऱ्याच भागात कम्युनिस्टांच्या लोकशाही आघाडीचा जोर होता. नलगोंड्यात रावी नारायण रेड्डी ह्यांस पंडित नेहरूंपेक्षाही अधिक मते पडली, हे सर्वश्रुत आहे. आदिलाबादने काँग्रेसही नाकारली व कम्युनिस्टही नाकारले. पुढे १९५७ पासून १९८० पर्यंत मात्र ही जागा अखंड काँग्रेसकडे राहिली. के. आशन्ना, जी. नारायण रेड्डी, पी. गंगा रेड्डी, जी. नरसिंह रेड्डी अशी नावे येत गेली. १९७१ साली स्वतंत्र तेलंगणाची मागणी करणाऱ्या प्रजा समितीने तेलंगणातील चौदापैकी दहा जागा जिंकल्या, तरी आदिलाबाद हलले नाही.

ते हलले १९८४ साली. इंदिराजींच्या हत्येनंतरची ती निवडणूक. देशात काँग्रेसने चारशेहून अधिक जागा मिळविल्या. पण आंध्रात तेलुगू देसम पक्षाने तीस जागा घेऊन लोकसभेतील सर्वांत मोठा विरोधी पक्ष होण्याचा मान मिळविला. आणि सभागृहात त्या पक्षाचे नेतृत्व कोणी केले? बत्तीस वर्षांपूर्वीचे समाजवादी खासदार, तेच सी. माधव रेड्डी! एका प्रादेशिक पक्षाने दिल्लीत पहिला विरोधी पक्ष व्हावे, आणि त्याचा नेता ह्या आडवळणाच्या मतदारसंघातील असावा, ही गोष्ट आम्हांस आजही नवलाची वाटते.

पुढे १९८९ साली काँग्रेसचे पी. नरसा रेड्डी, १९९१ साली देसमचे अल्लोला इंद्रकरण रेड्डी, आणि १९९६, १९९८ व १९९९ अशी तीन वेळा देसमचेच समुद्राल वेणुगोपाल चारी निवडून आले. २००४ साली तेलंगण राष्ट्र समितीचे मधुसूदन रेड्डी जिंकले. त्या पक्षाच्या खासदारांनी २००८ साली राज्याच्या मागणीसाठी राजीनामे दिले, तेव्हा पोटनिवडणुकीत मतदारांनी ती जागा त्यांस परत दिली नाही. इंद्रकरण रेड्डी ह्या खेपेस काँग्रेसकडून विजयी झाले.

त्याच वर्षीच्या फेररचनेने हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. ह्यात सात विधानसभा मतदारसंघ असून आसिफाबाद, खानापूर व बोथ हे तीन राखीव आहेत. भैंसा ज्यात येते तो मुधोळ खुला आहे. जोडेघाटच्या डोंगरात १९४० साली कोमराम भीम पडला आणि २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे गोंडांवर गोळीबार झाला, त्या प्रदेशास दिल्लीत आपला माणूस मिळावा हे आमच्या मते न्याय्यच होते. पण आपला म्हणजे कोण? तेलंगणातील लंबाडा अर्थात बंजारा समाज १९७६ च्या कायद्यान्वये अनुसूचित जमातींत आला. महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त-भटक्यांत मोडतो. साहजिकच सीमा ओलांडून आलेल्या कुटुंबांनी आपला वाटा नेला अशी गोंडांची तक्रार आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या येथेच राबलो, आता परके कसे, असे बंजारे विचारतात. २००९ साली निवडून आले ते बंजारा समाजाचे राठोड रमेश. २०१४ साली गोडम नगेश. २०१७ च्या अखेरीस ह्या दोन समाजांत उघड संघर्ष पेटला. २०१९ साली गोंडांच्या ‘तुडुम देब्बा’ चळवळीचे पुढारी सोयम बापूराव भारतीय जनता पक्षातर्फे ५८ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. दोन्ही समाज गरीब, दोघांच्याही मुलांस तीच वसतिगृहे व त्याच नोकऱ्या हव्यात. पुढाऱ्यांनी ही भाकर वाढविण्याऐवजी ती कोणाची हेच सांगत फिरावे, हे आम्हांस रुचत नाही.

भैंसा येथील भांडण निराळे. तेथे २०२० च्या जानेवारीत, नगरपालिकेचे मतदान अवघ्या काही दिवसांवर असता, हिंदू-मुसलमानांत दंगल होऊन घरे जळाली. त्याविषयी अधिक लिहिण्यास लेखणी धजत नाही.

२०२४ साली बापूरावांस त्यांच्या पक्षाने तिकीट नाकारले व समितीतून आलेल्या नगेश ह्यांस ते दिले. नगेश सुमारे ९० हजार मतांनी विजयी झाले. दुसऱ्या क्रमांकावर राहिल्या काँग्रेसच्या आत्राम सुगुणा, पूर्वाश्रमीच्या शिक्षिका. ज्या समितीने राज्य मिळविले तिला त्या वर्षी साऱ्या तेलंगणात एकही जागा मिळाली नाही.

मतदारसंघाच्या दुसऱ्या टोकास, केरामेरी व जिवती ह्यांच्या दरम्यान, परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर आदी बारा गावे आहेत. त्यांवर दोन्ही राज्यांचा हक्क सांगितला जातो. तेथल्या पुष्कळ मराठी कुटुंबांपाशी दोन शिधापत्रिका व दोन मतदार-ओळखपत्रे. एकाच गावात दोन शाळा व दोन सरपंच. जमिनीच्या पट्ट्यांसाठी मात्र ती दोन्ही सरकारांचे उंबरठे झिजवीत आली आहेत. ११ एप्रिल २०१९ रोजी चंद्रपूर व आदिलाबाद येथील मतदान एकाच दिवशी होते. २०२४ साली चंद्रपूरचे १९ एप्रिलला झाले आणि आदिलाबादचे १३ मे रोजी. मधे चोवीस दिवस होते, आणि बोटावरची शाई नखासोबत वाढून निघून जाण्यास त्याहून अधिक दिवस लागतात.