घरातले धान्य म्हणजे साठेबाजी नव्हे

पावसाळ्याआधी घरात पंधरा दिवसांचे अन्न बाजूला काढून ठेवावे, असे म्हटले की शिकलेली माणसेच आधी नाके मुरडतात. आता रस्ते झाले, पूल झाले, रेशन फुकट मिळते. आजीच्या काळातली ही भीती कशाला, असे त्यांचे म्हणणे.

मार्कंड्याला उत्तरवाहिनी होणाऱ्या वैनगंगेच्या काठी राहून असे म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मुसळधार पाऊस झाला तो मध्य प्रदेशात. गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत काठची गावे पाण्यात गेली. आपल्या अंगणात ऊन असतानाही पूर येऊ शकतो. त्या वेळी पिशवी घेऊन दुकानाकडे धावणार कोण?

रेशनचा हिशोबही करून पाहावा. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, म्हणजे चौघांना २०. भात हेच मुख्य जेवण असलेल्या घरात चौघांना दिवसाला दीड किलो तांदूळ सहज लागतो. म्हणजे ते धान्य जेमतेम तेरा दिवसांचे. भामरागडकडची गावे पावसाळ्यात तुटतात, म्हणून तिथे शासन काही महिन्यांचे रेशन आधीच पोहोचवते. जे शासनाला शहाणपणाचे वाटते, ते घराने केले तर मागासलेपण कसे ठरते?

साठेबाजीचा आरोप तर मुळातच चुकीचा आहे. कायद्यातल्या साठ्याच्या मर्यादा व्यापाऱ्यांसाठी आहेत. भाव चढतात ते सगळे एकाच दिवशी दुकानावर तुटून पडल्याने. मार्च २०२० मध्ये हे आपण सर्वांनी पाहिले. ज्याने मे महिन्यात थोडे थोडे घेऊन ठेवले, तो जुलैच्या रांगेत उभा राहत नाही, आणि त्याची जागा गरजवंताला मिळते.

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो हातावर पोट असणाऱ्याचा आहे: ठेवायचे कशातून? पावसाळ्यातली ही टंचाई इतकी जुनी आहे की आदिवासी कुटुंबांसाठी १९७८ पासून खावटी कर्ज सुरू करावे लागले. पण याच भागात कर्जापायी खळ्यावरूनच सगळे धान विकणारी घरे आहेत, आणि तीच घरे श्रावणात तांदूळ विकत घेतात. त्यांना उपदेश करून काही होणार नाही. धान विकताना एक पोते मागे ठेवता येईल एवढी सवड त्यांना मिळाली पाहिजे. ती सोसायटीने, बचत गटाने द्यावी. हाती पैसा नाही म्हणून साठा नकोच असे म्हणणे म्हणजे ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच तो नाकारणे.

आता ठेवायचे काय? चौघांना पंधरा दिवसांसाठी २२ ते २५ किलो तांदूळ, ४-५ किलो डाळ, दोन लिटर तेल, किलोभर मीठ. पण इथेच बहुतेकांची फसगत होते. पुरात सरपण भिजते, गॅसची गाडी येत नाही; तांदूळ असूनही चूल पेटत नाही. म्हणून पहिले तीन दिवस न शिजवता खाता येईल असे हवे: पोहे, मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ. सोबत झाकणाच्या कॅनमध्ये चाळीस लिटर पिण्याचे पाणी, कारण विहिरीत पुराचे पाणी उतरले की ती विहीर काही दिवस बाद. आणि क्लोरीनच्या गोळ्या.

धान तांदळापेक्षा जास्त टिकते, पण नीट वाळलेले हवे. दाताखाली कट्कन तुटले तर ठेवावे. डाळीला तेलाचा हात फिरवून कडुनिंबाचा पाला घालावा. जुने आधी खावे, नवे मागे लावावे. घरात रोज शिजणारेच ठेवावे, म्हणजे वाया काही जात नाही. बाहेरून महाग पाकिटे आणायची गरज नाही. मात्र वाडवडिलांची एक रीत सोडावी लागेल: धान्याची ढोली जमिनीवर ठेवण्याची. नदीकाठी ती आधी भिजते. घट्ट डबे माळ्यावर हवेत. ज्यांचे घर मातीचे आणि सखल आहे, त्यांचे डबे गावातल्या कोणत्या उंच, पक्क्या घरात राहतील, हे १ मेच्या ग्रामसभेतच ठरवून टाकावे. पाणी चढू लागल्यावर ते ठरवायला वेळ उरत नाही.